भरीत, कळण्याची भाकरी आणि ऑस्ट्रेलियाची रेड वाईन : पाच बाटल्या तिकडच्या, एक नाशिकची

सगळ्यात आधी एक सांगतो. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं जिथे तिथे लिहिलेलं असतं ना, ते जळगाव-भुसावळ-धुळेवाल्यांनी अजिबात मनावर घेऊ नका. ती रूम युरोपातली आहे, जाड दगडी भिंतींची, थंडीच्या दिवसातली, तिथे १६ ते १८ डिग्री असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्री अकरा वाजता पण भिंतीला हात लावला तर गरम लागते. त्यामुळे बाटली कुठलीही असो, कितीही भारी असो, आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग उघडा. उन्हाळ्यात तर एक तास.

हे मी अनुभवाने सांगतोय. मागच्या मे महिन्यात एका दुकानातून ऑस्ट्रेलियन शिराझची (शिराझ ही काळ्या द्राक्षाची एक जात) बाटली घेतली होती, दुकानाचं नाव घेत नाही, पण एसी नव्हता, बाटल्या रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात उभ्या, दुपारनंतरचं ऊन थेट त्यांच्यावर. घरी आणली तेव्हा बूच तोंडाच्या थोडं वर आलेलं होतं आणि गळ्याशी चिकट चिकट लागत होतं, मला तेव्हा काही कळलं नाही. उघडली तर वास एकदम उकळून आटलेल्या जॅमसारखा, चव सपाट, मागे नुसती दारूची जळजळ. मी त्या दिवशी ठरवून टाकलं की ऑस्ट्रेलियाची वाईन अशीच असते, आणि सहा महिने लोकांना तसंच सांगत पण होतो. ते चुकीचं होतं. ती वाईन उन्हात शिजली होती. गरम झालं की आतली वाईन फुगते, बूच वर ढकलते, मग थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते, संपला विषय. त्यात बनवणाऱ्याचा काहीच दोष नाही.

तर आता मुद्द्यावर येतो. डिसेंबरमध्ये माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून आले. वहिनीने तिकडे वाईनचा रीतसर कोर्स केलाय, त्यामुळे यावेळी चॉकलेट वगैरे आणू नका, बाटल्या आणा असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. विमानाने येताना एका माणसाला ड्युटी न भरता २ लिटर आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतं, म्हणून दोघांच्या मिळून चार आल्या. पाचवी जेकब्स क्रीकची शिराझ कॅबरने (कॅबरने ही पण द्राक्षाची जात) मी इथेच घेतली, आणि सहावी नाशिकची शिराझ मुद्दाम ठेवली, का ते पुढे सांगतो. सहाही बाटल्या एकाच दिवशी नाही हं, शनिवार-रविवार दोन संध्याकाळी, अकरा जण होतो आम्ही, प्रत्येकाला ग्लासात तीन-चार घोट. ज्यांनी घेतली त्यांचे परवाने होते आणि गाडी चालवणारा माझा मित्र दोन्ही दिवस फक्त वास घेत बसला होता. खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं नाक त्याचंच निघालं.

जागा म्हणजे चोपडा तालुक्यात मामाचा मळा, एका बाजूला केळी, लांब सातपुड्याची रेघ, आणि भरीत पार्टी. वांगी बामणोदची आणली होती, ती हिरवी मोठी, पांढऱ्या रेघांची, पराट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजून बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पहिल्या दिवशी भरीत आणि काळ्या मसाल्याचं सुकं मटण, दुसऱ्या दिवशी घरी शेवभाजी. रात्री बाहेर मस्त गार होतं, बाटल्या बाजेखाली ठेवल्या तरी बरोबर टेंपरेचरला येत होत्या, म्हणून माझं मत आहे की खान्देशात रेड वाईनचा खरा सीझन भरीताचाच सीझन आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

वहिनीने हलकीपासून जडपर्यंत असा क्रम लावला. पहिली ग्रेनाश जातीच्या द्राक्षाची. मॅक्लारेन व्हेल म्हणून अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला समुद्राच्या जवळचा भाग आहे, तिथली डॅरेनबर्गची कस्टोडियन. ही वायनरी १९१२ पासूनची, लेबलवर तिरपा लाल पट्टा असतो म्हणून लांबूनच ओळखू येते, आणि हे लोक अजूनही रेड वाईनची द्राक्षं पायाने तुडवतात आणि जुन्या पद्धतीच्या बास्केट प्रेसमध्ये दाबतात. रंग फार गडद नाही, ग्लासातून पलीकडची शेकोटी दिसत होती. वास गोडसर, पिकलेल्या करवंदासारखा, जरा खडीसाखर-बडीशेपसारखं पण काहीतरी. तोंडात एकदम मऊ. तुरटपणा जवळजवळ नाहीच. मामाने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "हाई ते बरं लागस भो, घसाले टोचत नही." वाईन कधीच न घेतलेल्या माणसाला पहिली रेड द्यायची असेल तर ग्रेनाश द्या, शिराझ नको, कॅबरने तर नकोच.

इथे चवीबद्दल जरा थांबून बोलायचंय कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाईनवर जे लिहिलेलं असतं ते वाचून आपल्याला वाटतं की हे आपलं काम नाही, त्यात ब्लॅकबेरी असते, प्लम असतं, सीडर असतं, आपण यातलं काही खाल्लेलं नसतं. अरे पण आपल्या जिभेकडे काय कमी आहे का? जांभूळ, करवंद, खारीक, चिंच, कोकम, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, चुलीचा धूर, पहिल्या पावसाची माती, हे सगळं आपण लहानपणापासून ओळखतो. आणि टॅनिन नावाची जी गोष्ट आहे, जी इंग्रजीत समजावताना लोक पानंच्या पानं लिहितात, त्याला मराठीत सरळ सहा रसांमधला एक शब्द आहे, तुरट. बस. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून ते उतरतं, आपल्या थुंकीतल्या प्रोटीनला धरून ठेवतं, त्यामुळे तोंडातला ओलसरपणा गेल्यासारखा वाटतो आणि जीभ-गाल ओढल्यासारखे होतात. कच्चं केळ चावून बघितलंय ना कधी? तेच ते. केळीच्या मळ्यात बसून हे कोणाला समजवायला दोन मिनिटं पण लागली नाहीत.

मग जेकब्स क्रीक. हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहिती आहे कारण मोठ्या शहरात सहज मिळते. जेकब्स क्रीक हा साऊथ ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीतला खराखुरा ओढा आहे, योहान ग्राम्प नावाच्या बव्हेरियाहून आलेल्या माणसाने १८४७ मध्ये त्याच्या काठी द्राक्षं लावली, आणि या नावाची वाईन बाजारात आली १९७६ मध्ये. शिराझ आणि कॅबरने एकत्र करणं ही ऑस्ट्रेलियाची खास सवय. कॅबरने सुरुवातीला आणि शेवटी जोरात लागते पण मध्येच जरा पोकळ वाटते, ती पोकळी शिराझ भरते. ही बाटली साधी, सरळ, जांभळाच्या रसासारखी, जरासा व्हॅनिला. फार खोलात जाऊन विचार करायला लावणारी नाही पण चूक पण काही नाही, शिकायला उत्तम. भरीताबरोबर चांगली गेली. दीड-दोन किलो मटणाच्या पैशात येते, रोजची नाहीच ती, पण चार जणांत परवडते.

तिसरी पेनफोल्ड्स कंपनीची कूनुंगा हिल, ती पण शिराझ कॅबरनेच, १९७६ च्या व्हिंटेजपासून, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांपासून, बनवतात. मुद्दाम एकासारख्या दोन ठेवल्या की फरक कळावा. आणि कळला. हिच्यात तुरटपणा जास्त, आंबटपणा नीट धरून ठेवलेला, आणि घोट गिळल्यावर चव लगेच पळून जात नाही, अगदी सात-आठ सेकंद खारकेसारखी रेंगाळते. वाईन चांगली की साधी हे ओळखायची माझ्या मते हीच सगळ्यात सोपी परीक्षा, गिळल्यावर मनात आकडे मोजा.

पेनफोल्ड्सचं नाव निघालं की त्यांच्या ग्रेंज नावाच्या वाईनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, वहिनीने शेकोटीजवळ सांगितली आणि सगळे गप्प बसून ऐकत होते. मॅक्स शूबर्ट नावाचा त्यांचा वाईनमेकर १९५० मध्ये युरोपात गेला, फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये त्याने चाळीस-पन्नास वर्षं जुन्या वाईन चाखल्या आणि डोक्यात घेऊन आला की अशी टिकणारी वाईन आपल्याकडे शिराझपासून करायची. १९५१ मध्ये पहिली प्रायोगिक बॅच केली. लोकांना दिली तर लोकांनी नावं ठेवली, आणि १९५७ मध्ये कंपनीनेच लेखी हुकूम दिला की हे बंद करा. पण हा माणूस थांबला नाही. ५७, ५८, ५९ अशी तीन वर्षं त्याने कंपनीच्या मॅगिल इथल्या तळघरात गुपचूप वाईन बनवून लपवून ठेवली. तोपर्यंत जुन्या बाटल्या मुरल्या होत्या, पुन्हा चाखल्यावर वरच्यांचं मत बदललं आणि १९६० पासून पुन्हा परवानगी मिळाली. आज ती ऑस्ट्रेलियाची सगळ्यात नावाजलेली रेड आहे. आमच्या बाजेवर ग्रेंज अर्थातच नव्हती, तिच्या किमतीत इथे बरंच काही येतं. पण लोणचं मुरायला वेळ द्यावा लागतो हे ज्या घरात माहिती आहे त्या घरात ही गोष्ट लगेच कळते.

आता माझी सगळ्यात आवडती, चौथी, विन्स वायनरीची ब्लॅक लेबल कॅबरने सोव्हिन्यो, कूनावाराची. ही १९५४ पासून बनवतात, लेबलवर तीन त्रिकोणी छपरांच्या जुन्या वायनरीचं काळं-पांढरं चित्र असतं, ती इमारत जॉन रिडॉक नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात बांधलेली. कूनावारा म्हणजे साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या पार खालच्या टोकाला एक चिंचोळी पट्टी आहे, साधारण १५ किलोमीटर लांब, आणि तिथली माती लालभडक, टेरा रोसा म्हणतात, खाली पांढरा चुनखडीचा दगड. दादाने मोबाईलवर फोटो दाखवला, कापलेल्या जमिनीत वर लाल आणि खाली पांढरं, मामा बराच वेळ बघत बसला. त्याचं म्हणणं की चुनखडी लागली की आपली केळी पिवळी पडते, यांची द्राक्षं त्याच्यावर कशी काय जगतात. वहिनीने सांगितलं की वरच्या लाल मातीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, खालच्या चुनखडीत ओल धरून राहते आणि मुळं तिथपर्यंत जातात. शिवाय तो भाग बरोसापेक्षा थंड, समुद्राची हवा येते, फळ हळूहळू पिकतं, म्हणून आंबटपणा टिकून राहतो.

ही बाटली आम्ही एक तास आधी उघडून काचेच्या जारमध्ये ओतून ठेवली होती. पहिल्यांदा वास घेतला आणि मला सर्दीची आठवण आली, म्हणजे लहानपणी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायचो आणि आई पाण्यात निलगिरीचे दोन थेंब टाकायची तो वास. मला वाटलं माझीच काहीतरी चूक होतेय, मी बोललोच नाही. तेवढ्यात तो गाडीवाला मित्र म्हणाला, "यात निलगिरी आहे का?" आणि वहिनी एकदम खूश झाली. झालंय असं की निलगिरीची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाचीच, द्राक्षाच्या मळ्यांच्या कडेने उभी असतात, त्यांच्या पानातलं तेल हवेतून द्राक्षाच्या सालीवर बसतं, काही पानं काढणीत द्राक्षांबरोबर पण येतात, आणि तो वास वाईनमध्ये उतरतो. झाडाच्या जवळच्या ओळीत जास्त, लांबच्या ओळीत कमी, हे तिकडच्या संशोधकांनी मोजून सिद्ध केलंय. आपण आपल्या बांधावर निलगिरी लावली ती तिथूनच आली, म्हणून तो वास आपल्याला ओळखीचा. काही लोकांना हा वास आवडत नाही, मला फार आवडला, पुदिना, जांभूळ आणि मागे पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा वास. तुरटपणा भरपूर पण खरखरीत नाही, मऊ मखमली. सुक्या मटणाबरोबर तर अफाट. मांसातली चरबी आणि प्रोटीन त्या तुरटपणाला धरून घेतात, त्यामुळे तोंड आखडत नाही आणि वाईन आपोआप गोडसर वाटायला लागते. नुसती घेतली तेव्हा मामाचं तोंड वाकडं झालं होतं, मटणाच्या घासाबरोबर घेतली तर म्हणाला, "आते हाई जांभूय लागस." याच्यापेक्षा चांगली टेस्टिंग नोट मला लिहिता येणार नाही.

पाचवी बरोसाची शिराझ, एका छोट्या कुटुंबाच्या वायनरीची, दादा तिथे स्वतः जाऊन घेऊन आला होता, बाहेर कुठे मिळत नाही म्हणून नाव देऊन उपयोग नाही. लेबलवर 'ओल्ड वाईन' लिहिलंय, पण तो वाईन वेगळा, म्हणजे वेल, जुना वेल. बरोसात २००९ पासून याची व्याख्याच ठरवलेली आहे, ३५ वर्षांच्या पुढचा वेल ओल्ड, ७० च्या पुढे सर्व्हायव्हर, १०० च्या पुढे सेंटेनेरियन आणि १२५ च्या पुढे अ‍ॅन्सेस्टर, म्हणजे पूर्वज. आणि असे पूर्वज तिथे खरंच उभे आहेत. १८४२ मध्ये युरोपातल्या सायलेशिया प्रांतातून, धर्माच्या छळाला कंटाळून आलेले जर्मन बोलणारे लोक बरोसात वसले, आणि तिथल्या लांगमाईल वायनरीत १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेलींवर अजूनही फळ येतं. केळीचा एक खोडवा, फार तर दुसरा घेऊन बाग मोडणाऱ्या मामाला हे ऐकून पहिल्यांदा खरंच वाटलं नाही. १८० वर्षांची बाग!

ती टिकली त्याचं एक मोठं कारण म्हणजे फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड तिथे पोहोचलीच नाही. अमेरिकेतून आलेल्या त्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, १८७७ मध्ये ती ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगला सापडली, पण साऊथ ऑस्ट्रेलियाने इतके कडक नियम लावले की आजपर्यंत तिथे शिरली नाही. अजूनही मळ्यात जायचं तर बूट साफ करून, औषधाच्या पाण्यात बुडवून जावं लागतं. म्हणून तिथल्या वेली स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत, नाशिकला जसं डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करतात तसं नाही. मामाने लगेच विचारलं की पुढच्या वेळी त्या वेलीची एक काडी आणता येईल का, वहिनी म्हणाली अजिबात नाही मामा, क्वारंटाईन असतो, असंच कोणी काडी घेऊन फिरलं म्हणून तर ती कीड जगभर पसरली. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा मामाने अख्खे प्लॉट उपटलेले आहेत, त्याला हे पुन्हा समजवावं लागलं नाही.

आणि एक शब्द. या जुन्या वेलींपैकी बऱ्याच ड्राय-ग्रोन असतात असं दादा सांगत होता, म्हणजे पाणी न देता वाढवलेल्या, आणि मामा म्हणाला, मंग सरळ कोरडवाहू म्हन ना. कोरडवाहू द्राक्ष! खोल गेलेली मुळं, कमी फळ, लहान मणी, जाड साल, आणि म्हणून रस दाट. आपल्याकडे कोरडवाहू ज्वारीच्या भाकरीची चव वेगळी लागते असं म्हातारी माणसं सांगतात तसंच काहीसं.

चव? गडद जांभळा रंग, ग्लास हलवला तर काचेला रंग चिकटून राहतो. १४.५ टक्के अल्कोहोल, ते घशात गरम लागतंच. पिकलेलं जांभूळ, चॉकलेट, सुकं खोबरं. ते खोबरं अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपांमुळे येतं, बरोसात ते पूर्वीपासून वापरतात, फ्रेंच ओकमध्ये त्यापेक्षा लवंगेसारखा मसाला जास्त लागतो. आणि शेवटी काळी मिरी. मला अगदी स्पष्ट, दादाला थोडी, माझ्या धाकट्या भावाला अजिबात नाही, त्याला वाटलं आम्ही उगाच म्हणतोय. पण याला कारण आहे. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या एका द्रव्याचा, ते अ‍ॅडलेडच्याच ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये शोधलं, आणि खऱ्या काळ्या मिरीत पण तेच द्रव्य असतं. म्हणजे मिरी'सारखा' वास नाही, मिरीचाच वास. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही, नाकाची जन्मजात रचना तशी असते. थंड भागातल्या शिराझमध्ये हे जास्त असतं, आमच्या बाटलीत बरोसाच्या वरच्या अंगाची, ईडन व्हॅलीची द्राक्षं मिसळलेली होती म्हणून आली असेल. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर ही पण छान गेली, पण दोन घोटांच्या वर नाही, जड होते.

नाशिकची शिराझ आम्ही या सगळ्यांच्या मध्ये, कागद गुंडाळून, न सांगता दिली होती. अकरापैकी चार जणांनी तिला ऑस्ट्रेलियाची समजलं. मला फार आनंद झाला. ती तेवढी दाट नव्हती, शेपूट, म्हणजे गिळल्यावर मागे राहणारी चव, पण लहान, पण आंबटपणा ताजा आणि भरीताबरोबर मला ती जेकब्स क्रीकपेक्षा काकणभर जास्तच आवडली. दोन्हीकडे ऊन कडक, दोन्हीकडे काढणी वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत. आमच्यापासून तीन-चार तासांवर ही बनते याचं मला कौतुक आहे.

दुसऱ्या दिवशीची शेवभाजी मात्र चुकली. लाल तर्री, झणझणीत, आणि त्यावर बरोसाची उरलेली शिराझ घेतली तर तोंडात नुसता जाळ. तिखट आणि जास्त अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, आणि त्यात तुरटपणा भर घालतो, वाईनमधलं फळ कुठे जातं कळतच नाही. दोन्हीची माती होते. शेवभाजीबरोबर फक्त ग्रेनाश चालली, ती पण चांगली गार करून, जवळजवळ सरबताइतकी. तुम्ही घरी पाहुण्यांना बोलावणार असाल तर मेनू आधी ठरवा, भरीत, सुकं मटण, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी कमी तिखटाची, हे चालतं. तर्री असेल तर त्या दिवशी ताकच बरं. एक चांगली गोष्ट कळली की झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली विन्सची कॅबरने दुसऱ्या दिवशी जास्तच मऊ झाली होती, जेकब्स क्रीक मात्र थोडी उतरली.

झाकणाचं पण सांगतो, आम्ही उघडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पाचही बाटल्यांना फिरकीचं झाकण होतं. मामाला वाटलं हलका माल आहे. तसं नाहीये. बुचामुळे कधी कधी वाईनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, तो टाळायला २००० साली साऊथ ऑस्ट्रेलियातल्याच क्लेअर व्हॅलीतल्या वाईनमेकर्सनी मिळून आपल्या रिझलिंग या व्हाईट वाईनला फिरकीचं झाकण लावलं आणि मग हळूहळू सगळीकडे पसरलं. आपल्यासारख्या ठिकाणी तर मी तेच घ्या म्हणेन, ओपनर शोधत फिरायला नको आणि उरलेली बाटली बंद पण नीट होते.

किमतीचं गणित थोडक्यात. बाहेरच्या वाईनवर आपल्याकडे १५० टक्के ड्युटी लागायची. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला, त्यात एका बाटलीची आयातीची किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर ड्युटी १०० टक्क्यांवर आली आणि दहा वर्षांत ५० पर्यंत उतरणार, १५ डॉलरच्या वर असेल तर ७५ वर आली आणि २५ पर्यंत उतरणार. ५ डॉलरच्या खालच्या बाटलीला सवलतच नाही. वर राज्याचे कर वेगळे. म्हणजे एकदम स्वस्तातली आयात केलेली रेड घेतली तर तुम्ही वाईनपेक्षा कराचे पैसे जास्त देताय, त्या पैशात नाशिकची चांगली बाटली येते. ऑस्ट्रेलियाची घ्यायचीच तर मधल्या किमतीची घ्या, वर्षातून दोनदाच घ्या. आणि घेताना दुकानात बाटली कुठे ठेवलीय ते बघा, काचेत उन्हात असेल तर सरळ परत फिरा, आतल्या थंड खोलीतली मागा, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. मे-जूनमध्ये तर इथे रेड विकतच घेऊ नका, जानेवारीत घेऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बरी.

वहिनीचा भाऊ मार्चमध्ये येतोय, त्याला पण दोनच बाटल्या आणता येतील. मी एक कूनावाराची सांगितलीय. दुसरीसाठी मामाने मला दोनदा फोन करून बजावलंय की ती लाल पट्ट्यावाली आणायला सांग, घशाला न टोचणारी.